पालथा ग्लास

पहिल्या दिवशी दौलतराव वर्गात शिरले तेव्हा मागच्या बाकावरची दोन पोरं ताडकन उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, सर आले. बासष्ट वर्षांचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत रेक्झिनची बॅग. दौलतरावांनी हातानेच बसा बसा म्हटलं आणि त्यांच्याच शेजारी जाऊन बसले. पोरं एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसली.

मग खऱ्या मॅडम आल्या. विजयश्री मॅडम, तिशीच्या आतबाहेरच्या. वर्गभर फिरून त्यांची नजर दौलतरावांवर थांबली.

"काका, तुम्ही कुणाचे पालक?"

"कुणाचाच नाही मॅडम. विद्यार्थी आहे. फी भरलीय." आणि पुरावा म्हणून त्यांनी पावतीही वर करून दाखवली.

विद्यापीठातला तो सहा महिन्यांचा प्रमाणपत्राचा वर्ग होता. वित्तीय गणिताची तोंडओळख. बारावी झालेला कुणीही बसू शकत होता, आणि दौलतरावांची बारावी झालेली होती. कंपनीत सेकंड शिफ्ट नसेल त्या आठवड्यात रात्रशाळेत जाऊन, दोनदा नापास होऊन, तिसऱ्यांदा पास झालेले. मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, का आलात. कुणी बँकेच्या परीक्षेसाठी आलं होतं, कुणाला शेअरबाजार कळायला हवा होता. दौलतराव म्हणाले, घरी बसून वेळ जात नाही.

हे खोटं होतं. पण दापोडीतल्या गल्लीतही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि घरी बायकोला, यशोदाबाईंनाही. यशोदाबाई शेजारणींना सांगायच्या, जाऊ दे बाई शिकायला, निदान टीव्हीचा रिमोट तरी सुटला हातातून.

खरं कारण सोनबा होता.

हायवेच्या कडेला जिथे आता पंचवीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत तिथे पूर्वी कंपनी होती. दौलतराव तिच्या असेंब्ली लाईनचे युनियन कमिटी मेंबर. बीड जिल्ह्यातून हातात पत्र्याची पेटी घेऊन आलेला माणूस, पण बोलायला उभा राहिला की मॅनेजर खुर्ची पुढे ओढून ऐकायचा. लाईनीत तीसेक माणसं, आणि लाईनीचा एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. जे करायचं ते सगळ्यांनी. बोनसवर सही करायची तर सगळ्यांनी, कॅन्टीनवर बहिष्कार तर सगळ्यांनी, ओव्हरटाइम नाकारायचा तर सगळ्यांनी. हात वर झाले की मोजायचे नाहीत, कारण खाली राहिलेला हात असणारच नाही.

आणि राहिलाच, तर त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. मारायचं तर मुळीच नाही. चहाच्या सुट्टीत फळीवर सगळ्यांचे स्टीलचे ग्लास ओळीत मांडलेले असत, प्रत्येकाच्या ग्लासवर नाव कोरलेलं. फुटलेल्या माणसाचा ग्लास पालथा घालायचा, बस. चहावाला उताणे ग्लास भरत पुढे जायचा. पालथा ग्लास भरत नसायचा. आपला ग्लास आपणच सुलटा करून मागायला कुणाची हिंमत नव्हती. दोन दिवसांत, फार तर तीन, माणूस परत यायचा. दौलतरावांना या पद्धतीचा अभिमान होता. ते म्हणायचे, आमच्याकडे हिंसा नाही.

मग कंपनीने व्हीआरएस काढली. दोनच पर्याय होते. बारा लाख एकरकमी घ्या आणि मोकळे व्हा. नाहीतर साठीपर्यंत दरमहा पंधरा हजार घ्या. मध्ये माणूस गेला तर हप्ता बंद. दौलतराव गेटसमोर उभे राहून बोलले. हातात आला तो पैसा आपला. उद्या कंपनीच राहिली नाही तर हप्ता कोणाच्या बापाकडे मागणार? बारा लाख बँकेत टाका, व्याजावर घर चालवा. आणि काहीही घ्या, पण एकच घ्या. एक जरी फुटला तरी कंपनीला कळेल की ही लाईन फोडता येते, मग बारातले दहा करायला ती मागेपुढे पाहणार नाही.

सगळ्यांनी फॉर्मवर एकरकमीच्या चौकटीत खूण केली. सोनबाने दुसऱ्या चौकटीत केली.

सोनबा चाकणजवळच्या निघोज्याचा. वय अडतीस, लाईनीत सगळ्यात लहान. खंडेनवमीला मशीनची पूजा त्याच्या शेतातल्या झेंडूशिवाय होत नसे. पोतंभर फुलं बसच्या टपावर टाकून आणायचा. दौलतरावांनी त्याला काही म्हटलं नाही. चहाच्या सुट्टीत फळीपाशी गेले, त्याचा ग्लास उचलला, पालथा घातला. सोनबा बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात जाऊन खाडाखोड केली, शेजारी बारीक सही केली आणि येऊन म्हणाला, "झालं दादा." दौलतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आपल्या हाताने ग्लास सुलटा करून चहा ओतला.

कंपनी सुटल्यावर एखाद्या लग्नकार्यापलीकडे अकरा वर्षं ते सोनबाला भेटले नव्हते. पण गेल्या उन्हाळ्यात नाशिक फाट्याजवळ एका सोसायटीच्या गेटवर तो दिसला. निळा युनिफॉर्म, हातात शिट्टी, पार्किंगमधून मागे येणाऱ्या गाडीला "येऊ द्या, येऊ द्या" करत. दौलतराव रिक्षात होते. त्यांनी मान वळवली आणि सिग्नल सुटेपर्यंत समोरच्या बसचा नंबर वाचत राहिले. घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. बारा लाख गेले असणार, हे सगळ्यांचंच झालं होतं. कुणाचे लग्नात, कुणाचे जागेत, कुणाचे दवाखान्यात. पण एक गोष्ट त्यांना रात्रंदिवस टोचायला लागली. आपण सांगितलं ते बरोबर होतं का? नुसतं बोलून नव्हे, गणिताने?

म्हणून विद्यापीठ.

पहिले दोन महिने दौलतरावांना बरं वाटलं. विजयश्री मॅडम छान शिकवायच्या. त्या म्हणाल्या, उद्याच्या पैशाला आजच्या दारातून आत यायचं असेल तर वाकून यावं लागतं. जितका लांबून येणार तितकं जास्त वाकायचं. वीस वर्षांनी मिळणारे पंधरा हजार आज जेमतेम गुडघ्याएवढे. हे वाकणं किती, ते व्याजाचा दर ठरवतो; आणि असे पुढचे सगळे हप्ते एकेक करून दारातून आत घेतले, त्यांची बेरीज केली, की ते झालं आजचं मूल्य. दौलतरावांनी हे घरी यशोदाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुमची पेन्शन रांगतच येत असेल.

सूत्र मात्र त्यांना जमेना. शेजारच्या पोरांचं उत्तर यायचं तेव्हा दौलतराव अजून कंस उघडत असायचे. शेवटी एका तासाला त्यांनी हात वर केला. म्हणाले, मॅडम, एक उदाहरण घालू का? ओळखीतल्या एकाचं आहे.

मॅडमना उदाहरणं हवीच असायची. त्यांनी फळ्यावर मांडलं: एका बाजूला बारा लाख, दुसऱ्या बाजूला साठीपर्यंत दरमहा पंधरा हजार, दर आठ टक्के. मग विचारलं, "वय?"

"अडतीस."

खडू चालू लागला. पोरांची बोटं कॅलक्युलेटरवर. उत्तर दौलतरावांच्या शेजारूनच आलं. साडेअठरा लाख. थोडं वरच.

"बघा," मॅडम वर्गाला म्हणाल्या, "साडेअठराचा माल बाराला विकला. या माणसाने असं का केलं, काका?"

"त्याला तसं सांगितलं एकाने."

"कुणी? एजंटने?"

"नाही. युनियनमधल्या. सगळ्यांना त्याने तेच सांगितलं. एकरकमी घ्या म्हणून."

"सगळ्यांना? वेगवेगळ्या वयाच्या?" मॅडमना मजा वाटायला लागली होती; चांगलं गणित सापडलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "आणि सांगणाऱ्याचं स्वतःचं वय काय होतं, माहीत आहे?"

दौलतरावांनी खोटं बोलायला हवं होतं. सुचलं नाही. "एक्कावन्न," ते म्हणाले.

पुन्हा खडू. एक्कावन्न म्हणजे नऊच वर्षं. उत्तर आलं, साडेअकरा लाख. मॅडमनी तो आकडा लिहिला, त्याच्या शेजारी बारा लाख लिहिले आणि मध्ये 'पेक्षा कमी'ची छोटी खूण काढली. मागून एक पोरगं म्हणालं, "काकांचा मित्र सेट होता राव. स्वतःच्या मापाचा शर्ट शिवला आणि सगळ्या युनियनला घातला." वर्ग हसला. मॅडमही हसल्या. दौलतरावही हसले, हसताना त्यांना आपले दात थंड लागले.

त्यांना तेव्हा कळत नव्हतं का? बसमध्ये दांड्याला धरून उभे असताना त्यांनी स्वतःला हेच विचारलं. सूत्र माहीत नव्हतं हे खरं. पण त्या वर्षी धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, बारा लाख हातात हवे होते, आणि ते हवेत म्हणूनच गेटसमोरचं भाषण इतकं चांगलं झालं होतं, हेही खरं.

मग त्यांना गेनू आठवला. लाईनीतलाच, चाळिशीचा, हसरा. व्हीआरएसनंतर दीड वर्षात हृदयविकाराने गेला. दौलतरावांनी बसमध्येच हिशेब केला. गेनूने हप्ता घेतला असता तर त्याच्या बायकोला पावणेतीन लाखाच्या आसपास मिळून सगळं थांबलं असतं. एकरकमी घेतले म्हणून बारा तरी घरात आले. म्हणजे गेनूच्या बाबतीत आपण बरोबर होतो. दौलतरावांच्या छातीवरचा दगड क्षणभर हलला. आणि लगेच त्यांना कळलं की आपण एका माणसाच्या मरणावर खूश झालो आहोत. मुळा नदीवरचा पूल येईपर्यंत ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आपला चेहरा कुणी बघू नये एवढंच त्यांना वाटत होतं.

नवरात्रात सोनबाचा फोन आला. नंबर अनोळखी होता, आवाज ओळखीचा.

"दादा, सोनबा बोलतोय. तुमी इद्यापीठात पैशाचं गणित शिकताय म्हणं. पतपेढीत कुणीतरी सांगितलं." बोलण्यात कुठे टोमणा नव्हता. पोराच्या, सुरजच्या कंपनीत तसंच काहीतरी निघालंय, तो म्हणाला. प्लांट दुसऱ्या राज्यात हलवतायत. येऊन जावा एकदा.

दौलतराव बरं म्हणाले. यशोदाबाईंनी विचारलं, कोण? ते म्हणाले, जुना एक. मग रात्रीच्या जेवणाला त्यांनी सगळं सांगितलं, भाकरी हातात धरून, फळ्यावरच्या दोन्ही आकड्यांसकट. यशोदाबाईंनी भाकरीचं टोपलं झाकलं. म्हणाल्या, "धाकटीच्या लग्नात तो आला होता. पाचशेचं पाकीट देऊन गेला. मी त्याला आग्रहाने जिलेबी वाढली होती."

खंडेनवमीला दौलतराव निघोज्याला गेले. गावात कंपन्यांच्या बसेस हार घालून उभ्या होत्या. टेम्पोंच्या चाकांखाली लिंबं. सोनबाच्या दारात त्याची मोटारसायकल आणि एक जुनी पान्यांची पेटी हळदकुंकू लावून ठेवलेली. झेंडू होता, पण आता मार्केटमधला. शेतावर कुणाचंतरी गोडाऊन झालेलं.

सोनबा थकला होता, पण वाकला नव्हता. त्याने बसायला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसला. सुरज आतून चहा घेऊन आला, स्टीलच्या ग्लासात. सव्वीस वर्षांचा पोरगा, कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात. दौलतरावांनी ग्लास हातात घेतला आणि तोंडाला लावलाच नाही.

त्यांनी ठरवलं होतं, आधी आपलं सांगायचं. बसमध्ये तीनदा जुळवून ठेवलेलं वाक्य होतं. ते म्हणाले, "सोनबा, मी तुझं गणित करून बघितलं. साडेअठरा लाख होत होते. मी तुला बारा घ्यायला लावले. माझं चुकलं."

सोनबाने मान हलवली. "आकडा ठाव नव्हता. पर चुकतंय येवढं ठाव हुतं. अडतिशीच्या माणसाला साठी लई लांब आस्ती दादा, ह्ये सांगायला गणित कशाला लागतंय? म्हनून तर दुसरीकडं खूण केली हुती."

"मग बदललंस का?"

"ग्लास बघवला न्हाई."

एवढंच तो म्हणाला. घरात कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. दौलतरावांना वाटलं, आपण गेले चार महिने चुकीच्या वर्गात बसलो.

"तुमाला वाटतंय आकडा चुकला," सोनबा शांतपणे म्हणाला. "आकडा कुनाचाबी चुकतो. दुसऱ्या दिशी मी फळीपाशी हुबा हुतो. गेनू आपला ग्लास घिऊन माज्याकडं यायला निघाला हुता. आठवतंय का? तुमी हाक मारली. गेनू, इकडं ये म्हनला. तो माघारी गेला."

दौलतरावांना आठवत नव्हतं. मग आठवलं. गेनूचं ते अर्ध्या वाटेत थांबणं, हातातला ग्लास, ओशाळं हसू. अकरा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आणि याच गेनूच्या मरणाचा आपण बसमध्ये आधार घेतला होता. मान वर करणं त्यांना अवघड झालं.

ते खाली बघतच म्हणाले, सुरजचं काय आहे ते सांग, दोन्ही आकडे दे, मी मांडून देतो. सुरजने सांगितलं. चार लाख एकरकमी, नाहीतर पाच वर्षं दरमहा नऊ हजार. दौलतरावांनी बॅगेतून कॅलक्युलेटर काढला. सवयीने.

"हप्त्याचं जास्त होतं काका," सुरज म्हणाला. "चाळीसेक हजारांनी. मोबाईलवर केलंय मी. सगळी लाईन हप्ताच घेतेय. पण मला एकरकमी हवेत. सेकंडहँड पिकअप बघून ठेवलीय, महाळुंग्यातल्या दोन व्हेंडरांनी माल वाहायला द्यायचं कबूल केलंय. आमच्या कमिटीवाल्याला सांगितलं तर म्हणाला, एकटा वेगळा जाऊ नकोस, बघून घेऊ."

"आकड्यासाठी न्हाई बोलावलं दादा," सोनबा म्हणाला. "त्याला काय पायजे ते त्याला कळतंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी त्येंची सगळी हात वर करनार. ह्यो एकटा खाली ठिवनार. मला तवा जमलं न्हाई. कसं जमवायचं त्ये तुमाला ठाव असंल. तुमी त्या बाजूनं बघितलंय."

दौलतरावांच्या हातातला चहा निवला होता. त्यांना आयुष्यात पुष्कळ लोकांनी सल्ला विचारला होता, आणि त्यांच्याकडे नेहमी उत्तर तयार असायचं. त्यांनी कॅलक्युलेटर बॅगेत परत ठेवला. मग जे खरं होतं ते त्यांनी हळूहळू सांगितलं. समोरचे चिडलेले नसतात, म्हणाले, घाबरलेले असतात. एक गेला तर आपणही जाऊ शकलो असतो, हे त्यांना कळू नये म्हणून ते असं करतात. आणि त्यांना खरी भीती एकट्या माणसाची नसतेच. त्याच्याजवळ दुसरा कुणी जाऊन उभा राहील, याची असते.

"व्हय," सोनबा म्हणाला. गेनूचं नाव कुणी घेतलं नाही.

निघताना दौलतराव म्हणाले, जमलं तर मला माफ कर. सोनबा त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आला होता. तो म्हणाला, "बघू." मग बस आली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यापीठात चाचणी होती, आजचं मूल्य याच धड्यावर. दौलतराव सकाळी घरातून निघाले, यशोदाबाईंनी हातावर दही ठेवलं, आणि ते विद्यापीठाच्या नव्हे, चाकणच्या बसमध्ये बसले.

कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी होती. दहाच्या सुट्टीत पोरं बाहेर आली, निळ्या शर्टांचा एक लोंढाच. हात वर व्हायचे ते आत होऊन गेले होते. हे दौलतरावांना चालण्यावरून कळलं. पंधरा-वीस जण टपरीच्या डाव्या बाजूला घोळका करून उभे राहिले. सुरज उजवीकडे, विजेच्या खांबापाशी, मोबाईलमध्ये बघत. इथे ग्लास नव्हते. कागदी कप होते, पालथे घालायची सोयच नव्हती. पोरं नुसती पाठ करून उभी राहिली. तेवढं पुरत होतं.

दौलतराव रस्ता ओलांडून गेले. टपरीवाल्याला म्हणाले, दोन कटिंग. दोन्ही कप घेऊन खांबापाशी आले. बोटांना चटका बसत होता.

सुरजने वर पाहिलं. घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "आला बघ, आजोबाला घेऊन आलाय." हशा झाला.

"काका, तुम्ही कशाला आलात?" सुरज हळू आवाजात म्हणाला. "सगळे बघतायत. मला लाज वाटतेय."

"मलाही," दौलतराव म्हणाले, आणि एक कप त्याच्यापुढे धरला.

सुरजने लगेच घेतला नाही. घोळक्याकडे एकदा बघितलं, मग जमिनीकडे. चहावर साय धरायला लागली. दौलतरावांचा हात तसाच पुढे होता. शेवटी पोराने कप घेतला. दोघं खांबाला टेकून, सुट्टी संपल्याचा भोंगा होईपर्यंत चहा पीत राहिले.